भिंगताई, दादा आणि नाण्यांचं कपाट

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे भिंगताई म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते वापरायची वेळ फारशी कोणावर येत नसे. काचा कापायच्या, कडा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या आणि गिऱ्हाइकाच्या नाकाकानाशी जुळवून द्यायच्या, हे तिचं काम. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग कायम लोंबत असायचं. ते डोळ्याला लावून ती चष्म्याचा स्क्रू बघायची, तांदळातले खडे बघायची, आणि नवऱ्याच्या बोटात काच गेली तर तीही बघायची. बघून झाल्यावर तिचं मत ऐकावं लागायचं, ते वेगळं.

तिला छंद होता चांदीच्या नाण्यांचा, तोसुद्धा बिघडलेल्या. चांगलं, धडधाकट नाणं दाखवलं तर बाई नुसतं ‘हं’ करून परत द्यायची. पण टाकसाळीत काहीतरी गडबड झालेलं नाणं दिसलं की तिचा चेहरा खुलायचा. एका नाण्यावर ठसा घसरलेला, त्यामुळे छापलेल्या राजाचं नाक नाण्याबाहेर गेलेलं. एकाच्या कडेला चावा घेतल्यासारखी खाच, कारण पत्रा पुढे सरकायच्या आत यंत्राने आधीच्या भोकाचा काठ धरूनच पुढची चकती कापलेली. एकावर तर एकाच बाजूचं चित्र दोन्हीकडे, एकीकडे सुलटं आणि दुसरीकडे आरशात बघावं तसं उलटं आणि खोल गेलेलं. आधीचं नाणं साच्याला चिकटून बसलं आणि त्यानेच पुढच्यावर शिक्का मारला. हे नाणं तिचं सगळ्यात लाडकं. ते दाखवताना तिचा आवाजही हळू व्हायचा.

लोक तिच्याकडे नाणी घेऊन यायचे, आणि बरेचसे तोंड पाडून परत जायचे. “ताई, बघा ना, राणीच्या गालावर रेघ आहे. दुर्मिळ असेल का?” ताई भिंग लावायची. “ही रेघ वर आलेली असती तर दुर्मिळ. साच्याला तडा गेला की त्या तड्यात चांदी शिरते, मग रेघ फुगून वर उठते. तुमची रेघ खाली गेलीय. हा टाकसाळीचा दोष नाही, तुमच्या किल्ल्यांचा जुडगा आहे.” जन्माचा दोष वेगळा आणि नंतर झालेली इजा वेगळी, हे ती इतक्या वेळा सांगायची की दुकानाचा मालक मागच्या खोलीतून ओठ हलवत तेच वाक्य म्हणायचा.

नाणी ठेवण्याबद्दल तर विचारूच नका. नाणं धरायचं कडेने, दोन बोटांत, आणि सुती हातमोजे घालून. त्याच्यावर वाकून बोलायचं नाही, थुंकीचा थेंब पडला तर डाग कायमचा. पुसायचं नाही, घासायचं नाही, पावडर तर अजिबात नाही. रबरबँड, वर्तमानपत्र, वास मारणारं मऊ प्लास्टिक, सगळ्याला बंदी. चष्म्यांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या छोट्या पुड्या येतात, त्या ती गोळा करून घरी न्यायची. नवरा दुधाची गाडी चालवायचा, शांत माणूस. तो म्हणायचा, “आमच्या घरात माणसाला सर्दी झाली तरी चालेल, नाण्याला होता कामा नये.”

या सगळ्यावर सगळ्यात जास्त हसायचा तो दादा, तिचा मोठा भाऊ. दादा सुतार, आणि साधासुधा नाही. त्याने केलेलं दार लागताना आवाज करायचं नाही. एक कड वाकडी दिसली की आख्खी फळी जळणात टाकायचा. “चिमे,” तो म्हणायचा, कारण तिला चिमी म्हणणारा तेवढा एकच उरला होता, “तू जमवतेस ते सगळं मी फेकून देतो. असं स्टूल मी केलं असतं तर गिऱ्हाइकाने तेच माझ्या डोक्यात घातलं असतं.”

मग दादाचे हात थरथरायला लागले. आधी चहाच्या कपाला कळलं, मग करवतीला, आणि मग सगळ्यांना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण वयाला कुठे गोळी असते? वर्षभर त्याने रेटलं आणि एक दिवस कारखान्याला कुलूप लावलं. पण कुलूप लावण्याआधी त्याने एक शेवटचं काम केलं, बहिणीच्या नाण्यांसाठी कपाट.

ते कपाट बघायला पाहिजे होतं हो. कमरेएवढी उंची, एकावर एक पातळ खण, आणि प्रत्येक खणात नाण्यांसाठी खळगे. आता बिघडलेली नाणी काही गोल नसतात. म्हणून दादाने प्रत्येक नाण्याचा आकार कागदावर उतरवून घेतला आणि प्रत्येकाचा खळगा वेगळा कोरला. चावा घेतलेल्या नाण्याच्या खळग्यालाही चावा होता. एक नाणं दुसऱ्याच्या जागी बसायचंच नाही. त्या हातांनी हे काम करायला त्याला किती त्रास झाला असेल, हे वहिनीने नंतर सांगितलं. खळगा बिघडला की तो फळी बदलून परत पहिल्यापासून सुरुवात करायचा.

कपाटात आपलाही हात लागावा म्हणून भिंगताईने खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडून कोटाचं उरलेलं हिरवं लोकरी कापड आणलं. दादा म्हणाला, “कापड कशाला? लाकूड आरशासारखं गुळगुळीत केलंय.” ती म्हणाली, “असू दे रे, हिरव्यावर चांदी उठून दिसते.” बहिणीपुढे त्याचं कधी चाललंय? त्याने कुरकुर केली आणि प्रत्येक खळग्यात कापड चिकटवून दिलं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी दादा यायचा. एकेक खण ओढून बघायचा, नाण्यांवरून नव्हे, खळग्यांच्या कडांवरून नजर फिरवायचा, आणि मग खुर्चीत बसून चहा प्यायचा. आठवड्यातला तेवढाच वेळ तो रिकामटेकडा सुतार नसायचा. हे भिंगताईला कळत होतं.

आणि तिथेच पंचाईत झाली. एक दिवस तिला एका नाण्यावर डाग दिसला. भिंग लावलं. तिने स्वतःची समजूत घातली, टाकसाळीचा असणार. नाणी छापायच्या आधी चकत्या धुतात, धुण्याचा थेंब नीट निघाला नाही आणि तसाच भट्टीत भाजला गेला तर वर्षानुवर्षांनी पांढरा ठिपका वर येतो. जन्माचाच दोष. छान. ती निर्धास्त झोपली.

पण हा डाग पांढरा नव्हता, पिवळट होता. आणि पुढच्या आठवड्यात तो शेजारच्या नाण्यावरही दिसला, मग त्याच्या शेजारच्या. सगळ्यांवर काठापासून आत सरकत होता. वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या टाकसाळींतली नाणी, आणि सगळ्यांना एकदम जन्माचा दोष? असं गिऱ्हाइकाने म्हटलं असतं तर तिने त्याला उभं सोललं असतं. नाणी कपाटातच खराब होत होती. नव्या लाकडातून काहीबाही वाफ सुटते असं तिने ऐकलं होतं, आणि वार्निशचा वास तर अजून येत होता. म्हणजे दादाचं लाकूड, दादाचं वार्निश. दादाचं शेवटचं काम.

सांगायचं कसं? ज्या माणसाने थरथरत्या हातांनी एकेक खळगा कोरला, त्याला काय म्हणायचं, की तुझं कपाट माझी चांदी खातंय? आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने नाणी गुपचूप बाहेर काढली, कडक प्लास्टिकच्या गोल डब्यांत घातली, आणि डब्या पत्र्याच्या पेटीत भरून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे लपवल्या. नवऱ्याला सांगितलं, अळीमिळी गुपचिळी.

“सांगून टाक ना,” नवरा म्हणाला.

“मग तुम्हीच सांगा.”

नवऱ्याने दुधाच्या गाडीची किल्ली उचलली आणि तो कामाला गेला.

मग सुरू झाला रविवारचा खेळ. पहाटे उठायचं, दोघांनी हातमोजे चढवायचे, डब्या उघडायच्या आणि एकेक नाणं त्याच्या त्याच्या खळग्यात बसवायचं. नवऱ्याला कुठलं कुठे ते कधीच जमलं नाही. तो खाच असलेलं नाणं घसरलेल्या ठशाच्या जागी कोंबायला बघायचा आणि शिव्या खायचा. घंटी वाजली की दोघं हातमोजे मागे लपवून दारात उभे. दादा चहा पिऊन गेला की सगळं परत पिठामागे. नाणं जितकं कमी हाताळाल तितकं बरं, हे जगाला सांगणारी बाई स्वतः दर रविवारी आख्खा संग्रह दोनदा हाताळत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चोराच्या मनात चांदणं असतं, तसं दादाने एखाद्या नाण्यावर नजर जरा जास्त ठेवली की ती भीतीपायी बडबड करत सुटायची, आणि दादा म्हणायचा, “चिमे, तूच सांगतेस ना नाण्यांवर वाकून बोलायचं नाही?”

असं किती दिवस चालणार? एका बुधवारी दादाच्या मनात आलं, खणांच्या कडांना मेण लावून यावं. घराची एक किल्ली त्याच्याकडे असायचीच. भिंगताई दुकानात, नवरा गाडीवर. दादाने दार उघडलं, पहिला खण ओढला. रिकामा. दुसरा ओढला, तोही रिकामा. मग त्याने सगळे ओढले आणि जिन्यात येऊन आरोळी ठोकली.

दुकानात फोन आला तेव्हा भिंगताई एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होती. “ताई, तुमच्याकडे चोरी झालीय,” शिंपीणबाई फोनवर म्हणाल्या, “सगळी नाणी गेली. दादांना घाम फुटलाय.” आजोबांना तसंच अर्ध्या चष्म्यात सोडून ती धावली. जिन्यावर ही गर्दी. वरचे, खालचे, पोस्टमन, शिंपीणबाई हातात कात्री घेऊन. मध्ये दादा, पांढराफटक. “चिमे, मी आलो तेव्हा दाराला कुलूप होतं. कुलूप तोडलेलं नाही. पोलिसांना बोलावू या.”

“नको,” भिंगताई म्हणाली. “चोर नाही आला. नाणी स्वयंपाकघरात आहेत.”

“स्वयंपाकघरात? का?”

“पुसायला काढली होती.”

दादाने तिच्याकडे बघितलं. “तू म्हणतेस नाणी पुसायची नसतात. मला चाळीसदा ऐकवलंयस.”

स्वतःच्याच व्याख्यानात अशी सापडली बाई. खोटं बोलायचंही कसब लागतं, आणि ते तिच्याकडे नव्हतं. तिच्या तोंडून खरं निघून गेलं, तेही सगळ्यांसमोर, आणि हवं होतं त्याच्या दुप्पट रोखठोक. “तुझ्या कपाटात ठेवली की पिवळी पडतात, दादा. लाकडाने. दोन महिने झाले.”

दादाने मेणाचा तुकडा खिशात घातला, तिच्या घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि लोकांमधून वाट काढत जिना उतरून गेला.

त्या रविवारी तो आला नाही, पुढच्याही नाही. वहिनीचा फोन आला. “वन्सं, काय बोललात ह्यांना? नुसते खिडकीत बसून असतात. विचारलं तर म्हणतात, हात गेले ते गेलेच, आता डोकंही गेलं, कसलं लाकूड घ्यावं तेही कळेना.” भिंगताईने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. चांदी काळी पडली तरी एकवेळ चालेल, पण दादा असा नको. ती नाणी आणि तो छंद, सगळं विहिरीत टाकावंसं तिला वाटलं. नवरा म्हणाला, “विहिरीत नको, ओल लागेल.” ती रडता रडता हसली आणि मग त्याच्यावरच चिडली.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ती कामाला निघणार तोच दारात दादा. हातात पिशवी, पिशवीत बरण्या खणखणत होत्या. चेहरा असा, की आत ये म्हणायचीही सोय नाही.

“लाकडाने पिवळी पडतात म्हणालीस. कशावरून?”

“अरे, दुसरं काय असणार?”

“हे असं नाही चालत. माझ्या लाकडावर आरोप आहे, तर पुरावा पाहिजे.” त्याने बरण्या टेबलावर मांडल्या. एकीत त्याच लाकडाच्या ढलप्या, एकीत वाळलेला सरस, एकीत खरवडलेलं वार्निश, एकीत कापडाचा तुकडा, आणि एक नुसती रिकामी. वहिनीच्या मोडक्या चांदीच्या साखळीच्या कड्या सोडवून त्याने लखलखीत घासून आणल्या होत्या. “प्रत्येकीत एक कडी टांगायची, ओल्या कापसाचा एक बोळा ठेवायचा, झाकण घट्ट लावायचं आणि उबेला ठेवायच्या. जी कडी काळी पडेल तिच्या बरणीत गुन्हेगार. पाण्याच्या बंबाशेजारी जागा आहे का?”

जागा होती. भिंगताई बघतच राहिली. हे तिला सुचायला हवं होतं, भिंग तिच्या गळ्यात होतं.

मग मात्र दादा रोज यायला लागला. सकाळी यायचा, संध्याकाळी यायचा, बरण्यांसमोर उकिडवा बसायचा. तिचं भिंग मागून घ्यायचा. “अजून काही नाही,” म्हणायचा आणि चहा मागायचा. शिंपीणबाई बातमी घ्यायला वर यायच्या. नवऱ्याने पैज लावली सरसावर. वहिनीचं म्हणणं वार्निश. भिंगताई मनातल्या मनात देवाला विनवत होती की सरस निघू दे, सरस निदान विकतचा होता.

आणि एका संध्याकाळी दादाने हाक मारली. “चिमे, ये इकडे.”

लाकडाची कडी लखलखीत. सरसाची लखलखीत. वार्निशची लखलखीत, रिकाम्या बरणीतलीही तशीच. आणि कापडाच्या बरणीतली कडी काळीकुट्ट. तिचं हिरवं लोकरी कापड. हौसेने आणलेलं, दादा नको म्हणत असताना चिकटवायला लावलेलं. गंधकाने चांदी काळवंडते म्हणून रबराला बंदी, कागदाला बंदी, आणि गंधक असलेल्या लोकरीलाच हिने चांदीखाली गादी म्हणून अंथरलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, आणि तेही चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला.

“दादा,” ती म्हणाली, “चूक माझी. तुझं लाकूड निर्दोष आहे. मी चारचौघांत तुझ्यावर ढकललं. मला माफ कर.”

तिला वाटलं तो हसेल, चिडवेल, वर्षभर पुरेल एवढं ऐकवेल. तो बरणीकडे बघत बसला.

“त्याचा राग नाही,” तो म्हणाला. “चूक काय, माझीही होऊ शकली असती. तू दोन महिने सांगितलं नाहीस, त्याचा राग आला. दर रविवारी नाणी मांडून ठेवायचात आणि मी गेलो की उचलायचात. मी काय लहान मूल आहे?”

“तुला वाईट वाटेल म्हणून रे.”

“हेच ते. हात थरथरायला लागले तेव्हापासून कोणी मला काही सांगतच नाही. तुझ्या वहिनीला स्टूल करून दिलं. छान झालंय म्हणाली. ते डुगडुगतं, चिमे. ती रोज त्याच्याखाली कागद घालते आणि छान झालंय म्हणते. पूर्वी माझ्या कामात खोट निघाली की गिऱ्हाइक तोंडावर सांगायचं, मी भांडायचो, आणि मग दुरुस्त करायचो. आता सगळं छान. छान म्हटलं की संपलं ना काम. मी कारखाना बंद केला तो हातांमुळे नाही ग. दुरुस्त करायला कोणी काही परत आणीचना.”

भिंगताईत एक चांगली गोष्ट होती, कितीही रडू आलं तरी तिला समोरचं दिसायचं. तिने नाक पुसलं.

“तिसरा खण अडकतो,” ती म्हणाली.

“काय?”

“वरून तिसरा. उजवीकडे. अर्ध्यावर येऊन अडकतो, मग झटका द्यावा लागतो. झटक्याने नाणी उडतात.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

दादाने तिच्याकडे असं बघितलं की आता भांडणार. आणि भांडलाच. “पहिल्या दिवसापासून अडकतो आणि आज सांगतेस? अक्कल गहाण ठेवलीस काय? ओढ बघू.” तिने ओढला. अडकला. त्याने कान लावून ऐकलं, उजव्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि नवऱ्याला आपल्या घरी पिटाळून लहान रंधा मागवला.

खण मांडीवर घेऊन तो जमिनीवर बसला. हात थरथरत होता. रंधा कडेवर ठेवायलाच त्याला वेळ लागत होता, दोनदा तो घसरला. नवरा पुढे झाला, “मी धरू का?” तेव्हा भिंगताईने त्याला डोळ्यांनीच मागे सारलं. पातळ ढलप्या पडत राहिल्या. बऱ्याच वेळाने दादा उठला, खण जागेवर सरकवला आणि बाजूला झाला.

“बघ आता.”

तिने खण ओढला. पूर्वीपेक्षा बराच सुटला होता. छान झालंय म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

“अजून अडकतोय,” ती म्हणाली. “जरासा, शेवटी.”

“अडकतोय ना?” दादा म्हणाला, आणि गालातल्या गालात हसत त्याने परत रंधा उचलला.